'बाईपायी गादी गेली' : एका वाक्याची समीक्षा

१

इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत राहिले आहे : 'बाईपायी गादी गेली.' राजवाड्याच्या बाजूचा भाड्याचा वाडा सोडून आमचे कुटुंब सुदामा नगरात राहायला आले, तेव्हा पितळी भांडी, देव आणि दासबोधाची पोथी यांच्याबरोबर हे वाक्यही आले. आजोबा ते उच्चारत तेव्हा त्यात हळहळ असे, थोडी मिस्कील चवही असे, आणि विषय तेथेच संपे. बाई कोण, गादी कशी गेली, मध्ये काय घडले, हे विचारण्याची रीत नव्हती.

समीक्षेचा विषय नेहमी कादंबरी किंवा कवितासंग्रहच असावा असे नाही. एखादा समाज जे वाक्य शंभर वर्षे जपतो, तीही त्या समाजाची एक संहिताच असते. म्हणून प्रस्तुत लेखात या तीन शब्दांच्या वाक्याची समीक्षा करण्याचा विचार आहे.

प्रथम त्याचे व्याकरण पाहू. 'गादी' हा कर्ता आहे आणि 'जाणे' हे क्रियापद अकर्मक. म्हणजे गादी कोणी घालवली नाही, सोडली नाही, काढून घेतली नाही. ती आपोआप गेली, जसा पाऊस जातो किंवा वय जाते. या रचनेत माणूस एकच आहे, तो म्हणजे बाई. आणि तिलाही 'पायी' हे शब्दयोगी अव्यय जोडून कारणाच्या जागी बसवले आहे. ती काही करत नाही, पण सगळे तिच्यामुळे होते. पिस्तूल, सुरा, मोटार, मारेकरी, मृत्यू पावलेला तरुण, न्यायालय, व्हाइसरॉय यांपैकी कोणालाही या वाक्यात जागा नाही. इतक्या थोड्या शब्दांत इतक्या जणांना निर्दोष सोडणारी दुसरी रचना मराठीत क्वचितच सापडेल.

२

ती बाई म्हणजे मुमताज बेगम. गाणे-नाचणे हाच चरितार्थ असलेल्या घरातली ही मुलगी लहान वयात होळकरांच्या दरबारात आली आणि महाराज तुकोजीराव तिसरे यांची मर्जी तिच्यावर बसली. तिला 'कमळाबाई' हे नाव देण्यात आले. महाराजांच्या लवाजम्याबरोबर ती विलायतेलाही जाऊन आली. तिच्यावर सतत पहारा असे. नातलग भेटायला आले तरी कोणीतरी सोबत हजर असे, असे तिने पुढे न्यायालयात सांगितले. तिला एक मुलगी झाली आणि ती लगेच दगावली. दायांनी आपली मुलगी मारली, आणि म्हणून आपल्याला इंदुरात राहायचे नव्हते, असे तिचे म्हणणे होते. मसुरीच्या प्रवासात दिल्लीच्या स्टेशनावर तिने पुढे जाण्यास नकार दिला आणि ती अमृतसरला गेली. तेथेही तिला परत आणण्याचे प्रयत्न झाले. शेवटी ती मुंबईला आली आणि अब्दुल कादर बावला या पंचविशीतल्या धनाढ्य मेमन व्यापाऱ्याच्या आश्रयाने राहू लागली. बावला मुंबई महापालिकेचा सदस्य होता.

१२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर बावलाच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीने अडवले. मुमताजला ओढून नेण्याचा प्रयत्न झाला. बावलावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि तो मरण पावला. मुमताजच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार झाले. गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी योगायोगाने तेथे पोचले. त्यांच्यातील लेफ्टनंट सेगर्ट यांनी गोळी लागूनही मारेकऱ्यांना अडवले, म्हणून ती वाचली आणि काही आरोपी जागीच सापडले.

खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे चालला. आरोपींत इंदूरच्या लष्करातील अधिकारी सरदार आनंदराव फणसे होते आणि त्यांच्या बचावासाठी बॅरिस्टर महंमद अली जीना उभे राहिले. मे १९२५ मध्ये निकाल लागला. तिघांना फाशीची आणि इतर काहींना जन्मठेपेची शिक्षा झाली. या कटामागे प्रत्यक्ष आरोपींपलीकडची माणसे असावीत आणि बोट इंदूरकडे जाते, असा न्यायमूर्तींच्या विवेचनाचा रोख होता. महाराजांवर मात्र खटला कधीच चालला नाही आणि त्यांचा सहभाग कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. हिंदुस्थान सरकारने त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले : चौकशी आयोगाला सामोरे जावे किंवा गादी सोडावी. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी पुत्र यशवंतराव यांच्यासाठी राज्यत्याग केला.

या घटनाक्रमात गादी 'गेली' ती नेमकी कोठे? नर्तकीशी संबंध ठेवल्यामुळे ती गेली नाही. असे संबंध त्या काळच्या किती दरबारांत होते, हे सर्वांना ठाऊक होते, साम्राज्य सरकारलाही. गादी गेली ती एका खुनानंतर, आणि चौकशी टाळण्याचा पर्याय निवडल्यावर. शिवाय संस्थानिकांवर आपली परमसत्ता ठसवण्याची संधी सरकारला हवीच होती. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी निजामाला संस्थानांच्या मर्यादांची जाणीव करून देणारे प्रसिद्ध पत्र पाठवले ते मार्च १९२६ मध्ये, म्हणजे तुकोजीरावांच्या राज्यत्यागानंतर महिनाभरातच. तेव्हा इंग्रजी न्यायाने एका अबलेचे रक्षण केले, हे दुसरे सोपे वाक्यही आपण स्वीकारण्याचे कारण नाही. या प्रकरणात ज्याचा त्याचा हिशेब होता. फक्त ज्या व्यक्तीच्या नावावर सगळा हिशेब मांडला गेला, तिचा हिशेब कोणी विचारला नाही.

३

येथे आपल्या भूमीतल्याच एका अभिजात नाटकाची आठवण अपरिहार्य आहे. इंदूरहून जेमतेम पंचावन्न किलोमीटरवरच्या उज्जयिनीत शूद्रकाने 'मृच्छकटिक' घडवले आहे. राजाचा मेहुणा शकार एका गणिकेच्या मागे लागतो. तिची आई गाडी आणि दागिने स्वीकारून जाण्याचा निरोप पाठवते. वसंतसेना नकार देते. पुढे गाड्यांची अदलाबदल होऊन ती नेमकी शकाराच्या बागेत पोचते. ती वश होत नाही म्हणून तो तिचा गळा आवळतो आणि मेली असे समजून निघून जातो. मग न्यायालय भरते. राजाशी नाते सांगून शकार न्यायाधीशालाच धाक घालतो. शेवटी राजा पालक गादीवरून जातो आणि आर्यक राजा होतो.

राजसत्तेच्या सावलीतला पुरुष, नकार देणारी नर्तकी, वाहन, बागेच्या परिसरातला हल्ला, न्यायालय आणि अखेरीस गादीचा पालट : मलबार हिलचे प्रकरण जणू याच क्रमाने घडले. हे साम्य ओढूनताणून आणलेले नाही. सत्ता आणि नकार समोरासमोर आले की कथा बहुधा याच वळणांनी जाते. आश्चर्य वेगळेच आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी 'मृच्छकटिक' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी संगीत रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांनी वसंतसेना रंगवली. तिच्या संकटाने व्याकूळ होणारा आणि शकाराला हसणारा प्रेक्षक महाराष्ट्रात होता, तसा इंदूर-ग्वाल्हेरातही होता. मग १९२५ मध्ये वसंतसेना प्रत्यक्ष समोर उभी राहिली तेव्हा हा रसिक तिला ओळखू का शकला नाही?

उत्तर त्या नाटकातच आहे, असे मला वाटते. वसंतसेनेचा नकार आपल्याला उदात्त वाटतो, कारण त्या नकारामागे चारुदत्तावरचे प्रेम आहे. आणि शेवटी तिला 'वधू' हा दर्जा मिळतो. देवलांच्याच 'संशयकल्लोळा'त, १९१६ मध्ये, रेवतीला मिळणारी सहानुभूतीही याच अटीवर आहे : ती कलावंतिणीच्या घरात वाढली तरी मनाने कुलस्त्री आहे आणि अश्विनशेठशी तिचे लग्न व्हायचे आहे. आपल्या वाङ्मयाने गणिकेला मोठे मन दिले, पण त्याबरोबर एक अटही घातली. तिने 'नाही' म्हणावे ते एका पुरुषासाठी म्हणावे, स्वतःसाठी नव्हे.

मुमताजचा नकार या अटीत बसत नव्हता. इंदूर सोडताना तिच्या मनात कोणी चारुदत्त नव्हता. बावला तिच्या आयुष्यात नंतर आला. तिने सांगितलेले कारण साधे आणि असह्य होते : मूल गेले आणि मला तेथे राहायचे नाही. नाटकात असे कारण चालत नाही, कारण त्यातून विवाहाचा शेवट निघत नाही. म्हणून तिच्यासाठी वसंतसेनेचा साचा उघडला नाही. दुसरा साचा तयारच होता, पुरुषाला भुलवून बुडवणाऱ्या मोहिनीचा. तिला त्यात बसवण्यात आले.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. शूद्रकाच्या न्यायालयात वसंतसेना बोलत नाही. ती मेली असे समजले जाते. साक्षीला तिची आई येते. वसंतसेना प्रकटते ती वधस्तंभाजवळ, आणि तेथे तिचे जिवंत असणे हाच पुरावा होतो. मुंबईच्या न्यायालयात मुमताज स्वतः उभी राहिली, चेहऱ्यावरच्या जखमा घेऊन, आणि बोलली. हजारो वर्षांच्या गणिकाकथेत जो प्रवेश लिहिला गेला नव्हता, तो तेथे घडला. पण तो वाङ्मयात घडला नाही म्हणून आपण तो वाचला नाही.

४

गादी आणि नर्तकी यांची गाठ घालणारे वाक्य केवळ आपलेच नाही. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात ते लोला मॉन्टेझ हिच्या नावाने प्रचलित होते, आणि तिची कथा शेजारी ठेवली म्हणजे मुमताजच्या कथेतली उणीव अधिक स्पष्ट दिसते.

लोला ही मुळात एलायझा गिल्बर्ट, १८२१ मध्ये आयर्लंडात जन्मलेली. वडील लष्करात होते. कुटुंब हिंदुस्थानात आले आणि पाटण्याजवळ दानापूरला वडिलांचा पटकीने मृत्यू झाला. लग्नानंतर ती पुन्हा या देशात आली. सिमल्याच्या इंग्रजी वर्तुळात तिच्या सौंदर्याची चर्चा झाली. संसार मोडला, तेव्हा स्पेनला जाऊन ती थोडेफार नृत्य शिकली आणि १८४३ मध्ये लंडनच्या रंगमंचावर स्पॅनिश नर्तकी म्हणून उभी राहिली. प्रेक्षकांतल्या काहींनी तिला ओळखले आणि हुर्यो उडवली. तिने माघार घेतली नाही. नाव कायम ठेवले. १८४६ मध्ये ती म्युनिकला पोचली. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग तिच्यावर इतका लुब्ध झाला की पुढच्याच वर्षी त्याने तिला लांड्सफेल्डची काउंटेस केले. राज्यकारभारात ती उघड लक्ष घालू लागली. १८४८ च्या आरंभी विद्यार्थ्यांचे दंगे उसळले, तिला शहर सोडावे लागले आणि मार्चमध्ये लुडविगने मुलासाठी राज्यत्याग केला.

म्युनिकमध्येही हेच म्हटले गेले की बाईपायी गादी गेली. वस्तुतः १८४८ हे साऱ्या युरोपातल्या उठावांचे वर्ष. फ्रान्सचा राजा लुई फिलीप त्याच फेब्रुवारीत पदच्युत झाला आणि त्याच्यामागे कोणी लोला नव्हती. लोकांना सनदशीर हक्क हवे होते, लुडविगला ते द्यायचे नव्हते. लोला ही ठिणगी असेलही, पण दारूचे कोठार तिने भरलेले नव्हते.

तरीही लोला आणि मुमताज यांच्यात एक मूलभूत फरक आहे. लोलाने आपली कुख्याती स्वतः रचली. नाव तिने निवडले, जन्मगाव तिने बदलले, वय तिने कमी केले. अमेरिकेत तिने स्वतःच्याच आयुष्यावरच्या नाटकात स्वतःची भूमिका केली. ऑस्ट्रेलियात १८५६ मध्ये बॅलरॅटच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाने तिच्याविषयी वाईट लिहिले, तेव्हा ती चाबूक घेऊन त्याच्या अंगावर गेली. पुढे ती व्याख्याने देऊ लागली आणि १८५८ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. त्यात तिची आत्मकथाही होती. तिच्या आत्मकथेतले बरेचसे खोटे आहे, असे चरित्रकारांनी दाखवून दिले आहे. पण ते खोटे तिचे स्वतःचे आहे. मॅक्स ऑफुल्स यांनी १९५५ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला, तेव्हा तिला सर्कशीच्या रिंगणात बसवून तमाशा म्हणून दाखवले. त्या चित्रपटाचा रोखच मुळी हा आहे की प्रसिद्धी माणसाला कसे विकते. अशी टीका शक्य झाली, कारण लोलाने मागे शब्द ठेवले होते.

मुमताजची कुख्याती दुसऱ्यांनी रचली. तिला जे बोलता आले, ते शपथेवर आणि विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरात. लोलाला खोटे बोलण्याची चैन परवडली. मुमताजला खरे बोलण्याची सक्ती होती, आणि ते खरे बोलणे कोणी जपले नाही.

५

या कथांत नावांचा खेळ विचार करायला लावणारा आहे. मुमताज दरबारात आली तेव्हा 'कमळाबाई' झाली. राज्यत्यागानंतर दोन वर्षांनी, मार्च १९२८ मध्ये, तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. त्यापूर्वी तिला विधिपूर्वक हिंदू धर्मात घेण्यात आले आणि तिचे 'शर्मिष्ठादेवी' झाले. दोघींनाही नावे मिळाली. पण एकीचे नाव राणीचे ठरले आणि दुसरीचे नाव कागदपत्रांतल्या एका नोंदीपुरते उरले. सातासमुद्रापलीकडची परकी स्त्री विवाहाच्या विधीतून घरची होऊ शकते. दरबारात वाढलेली नर्तकी मात्र होऊ शकत नाही. मुमताज मुसलमान होती हे त्याचे एक कारण म्हणावे, तर मिलरबाईही जन्माने हिंदू नव्हत्या. अडचण धर्मापेक्षा दर्जाची होती. विवाहयोग्य कोण आणि ठेवण्याजोगी कोण, ही रेघ आधीच आखलेली होती.

लोकांनी तिला आणखी एक नाव दिले. खुनाच्या वर्षातच, १९२५ मध्ये, होमी मास्टर यांनी कोहिनूर कंपनीसाठी या प्रकरणावर आधारित मूकपट काढला. त्याचे नाव 'कुलीन कांता'. या नावात उपरोध होता की सहानुभूती, याची चर्चा करता येईल. पण जिचे सारे महत्त्व ती बोलली यात आहे, तिची कथा पडद्यावर प्रथम आली ती मूकपटात, हा योगायोग तरी विसरता येण्यासारखा नाही.

आणि आपली भाषा? हा लेख लिहिताना माझ्या ध्यानात आले की मी येथवर महाराजांना 'ते' आणि मुमताजला 'ती' म्हणत आलो आहे. सरदार 'होते', बॅरिस्टर 'उभे राहिले', नर्तकी 'आली' आणि 'गेली'. हे मी ठरवून केले नाही. लेखणीच्या वळणाने झाले. मराठीतले आदरार्थी बहुवचन हे सौजन्याचे लक्षण आहे असे आपण मानतो. ते कोणाला द्यायचे नाही, याचा निर्णयही ते तितक्याच शांतपणे घेत असते. तेव्हा यापुढे तरी मुमताज बेगम यांच्याविषयी लिहिताना मी ते वापरतो. वाचकाला थोडे खटकेल. खटकले तर मुद्दा पोचला असे समजेन.

६

मुमताज बेगम यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्या नावावर असलेला सर्वांत जवळचा मजकूर म्हणजे त्यांची न्यायालयातील जबानी. ती आपण स्त्रीच्या आत्मकथनाचा एक प्रकार म्हणून वाचावी, असे मला सुचवायचे आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की जबानी हे वाङ्मय नव्हे. ती वकिलाच्या प्रश्नांनी घडते, साक्षीदाराच्या मनाने नाही. आणि न्यायालयाचे कागद इंग्रजीत. त्यात मुमताज बेगम यांचा स्वतःचा शब्द किती उरला असेल? हा आक्षेप रास्त आहे. पण आपण ज्यांना स्त्रियांची आत्मकथने म्हणून गौरवतो, त्यांतलीही काही कोणीतरी विचारल्यामुळे, ऐकल्यामुळे आणि उतरवून घेतल्यामुळेच आपल्यापर्यंत आली. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे १९७० मध्ये पुस्तकरूपाने आलेले आत्मकथन शब्दांकनातूनच उभे राहिले आणि तरीही मराठीत ते मैलाचा दगड ठरले. मध्यस्थ असतो म्हणून आवाज खोटा ठरत नाही. वाचकाला कान अधिक बारीक करावा लागतो, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : साक्षीदार स्वतःच्या सोयीचे सांगतो. मुलीच्या मृत्यूविषयी त्यांनी जे सांगितले, ते कोणत्या न्यायालयाने तपासून सिद्ध केले? कोणीच नाही. तो आरोप म्हणूनच राहिला आणि इतिहासकाराने तो आरोप म्हणूनच नोंदवला पाहिजे. पण समीक्षकापुढचा प्रश्न वेगळा आहे. त्या बाईंनी आपल्या जाण्याचे कारण म्हणून काय निवडले, हे येथे पाहायचे. दागिने, पैसा, छळ, कंटाळा, दुसरा पुरुष यांपैकी कशाचाही आधार घेता आला असता. त्यांनी एका नवजात मुलीचे नाव घेतले, किंबहुना जिचे नावही ठेवले गेले नव्हते अशा मुलीचे. स्वतःच्या आयुष्याची मांडणी करताना त्यांनी केंद्रस्थानी जे ठेवले, ते आपल्या वाक्यात मुळीच नाही.

या दृष्टीने पाहिले तर त्या जबानीला एक आकार दिसू लागतो. पहारा, मूल, नकार, प्रवास, पाठलाग, हल्ला : प्रत्येक टप्प्यावर जाणारी व्यक्ती त्याच आहेत आणि अडवणारे हात बदलत आहेत. दिल्लीच्या स्टेशनावरचा प्रसंग मला या साऱ्याचा मध्यबिंदू वाटतो. मलबार हिल लोकांच्या लक्षात राहिले, कारण तेथे रक्त सांडले. पण निर्णय झाला तो फलाटावर. दरबाराच्या माणसांनी वेढलेली एक विशीच्या घरातली स्त्री तेथे म्हणाली की मी पुढे येणार नाही. त्या क्षणी कोणताही इंग्रज अधिकारी, न्यायमूर्ती किंवा प्रियकर त्यांच्या पाठीशी नव्हता. कुख्यात ठरण्यासारखे त्यांनी आयुष्यात काय केले, असे विचारले तर माझे उत्तर एवढेच आहे : त्या निघून गेल्या.

नर्तकी बेवफा असते, ठेवलेली बाई सोडून दिली जाते, हे समाजाला ठाऊक असते आणि चालतेही. तिने स्वतः सोडून जाणे मात्र चालत नाही. कारण मग 'ठेवणे' या क्रियापदाचाच अर्थ डळमळतो.

७

होळकरांविषयीची माळव्यातील मराठी माणसाची कृतज्ञता मला ठाऊक आहे आणि मी तिच्यात सहभागी आहे. या संस्थानाच्या आश्रयाने मराठी येथे रुजली. तुकोजीरावांच्या कारकिर्दीत, १९१७ मध्ये, इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरले. लालबागेच्या महालाचे तीन पिढ्या चाललेले काम १९२१ मध्ये त्यांच्याच काळात पूर्ण झाले. सुदामा नगरातून अन्नपूर्णा रस्त्याने महूनाक्याला आले की लालबाग जवळच. पाहुणे आले की आपण त्यांना तेथे नेत आलो. नृत्यदालनाची लाकडी जमीन स्प्रिंगांवर बसवलेली आहे, हे ऐकून सगळ्यांना कौतुक वाटते. जमीन कशी नाचते हे विचारणारे पुष्कळ भेटले. या संस्थानात नाचणाऱ्या बायकांचे पुढे काय झाले, हे विचारणारे मला अद्याप भेटलेले नाही.

कृतज्ञता आणि प्रश्न यांत विरोध आहे असे मी मानत नाही. म्युनिकमधल्या निम्फेनबर्ग महालात लुडविगने रंगवून घेतलेल्या सौंदर्यवतींच्या चित्रांचे दालन आहे आणि त्यात लोलाचे चित्र आजही टांगलेले आहे. त्यामुळे बव्हेरियाच्या राजघराण्याची मान खाली गेली नाही. इतिहास पूर्ण सांगितल्याने घराणी लहान होत नाहीत, ऐकणारे मात्र मोठे होतात.

साहित्यप्रेमी म्हणून आपल्याला काही करता येईल का? मला एक साधी गोष्ट सुचते. या खटल्यावर इंग्रजीत लेखन झाले आहे, अलीकडच्या काळातही झाले आहे. मुमताज बेगम यांच्या जबानीचे काळजीपूर्वक केलेले मराठी भाषांतर, संपादकीय टिपांसह, आपल्या एखाद्या बैठकीत वाचले जावे. त्यावर स्तुती नको, कीव नको, मिटक्याही नकोत. एका स्त्रीने स्वतःविषयी काय सांगितले, ते तिच्या क्रमाने ऐकावे, इतकेच.

शेवटी पुन्हा त्या वाक्याकडे येतो. आजोबा ते म्हणत तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी बसून निवडणटिपण करणारी माझी आत्या कधी काही बोलत नसे. आजोबा गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, सुदामा नगरच्या घरात, मी सहज तेच वाक्य उच्चारले. तेव्हा ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "तिची मुलगी गेली होती रे आधी."

वर्तमानपत्र वाचणाऱ्या पुरुषांच्या परंपरेने गादी लक्षात ठेवली. न वाचणाऱ्या बायकांनी ती मुलगी लक्षात ठेवली होती. आत्याला हे कोणी सांगितले असेल, तिच्या आईने की शेजारणीने, हे आता विचारता येणार नाही. पण तिच्या वाक्यातले शेवटचे 'आधी' फार मोलाचे आहे. आजोबांच्या वाक्यात कथा जेथे संपत होती, त्याच्या कितीतरी मागे ती सुरू झाली होती. शंभर वर्षांनंतर आपण निदान तेवढे मागे जाऊन वाचायला हवे.